जांभळी माशी रंगवताना : केल्टिक पुराणकथांतून अतिवास्तववादी चित्र उभे करण्याची रीत

एक स्त्री दुसरीला रोवनच्या झाडाच्या काठीने मारते आणि मार बसलेली स्त्री तिथेच, खोलीच्या मधोमध, पाण्याचे डबके होते. चुलीची धग, हवा आणि जमिनीतली ऊब मिळून त्या पाण्याची अळी होते, अळीची पुढे माशी होते. ही माशी जांभळी असते, माणसाच्या डोक्याएवढी असते, तिच्या पंखांचा आवाज कोणत्याही वाद्याहून गोड असतो आणि तिच्या गंधाने तहानभूक हरपते. मत्सराने उठवलेला वारा तिला सात वर्षे समुद्रातल्या खडकांवर भिरकावत राहतो. शेवटी ती अल्स्टरमधल्या एका घराच्या आढ्यावरून सोन्याच्या पेल्यात पडते, एका योद्ध्याची बायको तिला पेयाबरोबर गिळते, आणि पहिल्या जन्मानंतर 1012 वर्षांनी ती त्या बाईच्या पोटी मुलगी म्हणून पुन्हा जन्म घेते. तिचे नाव तेव्हाही एटेन असते आणि आताही एटेनच असते.

आयर्लंडची ही मध्ययुगीन कथा वाचल्यावर चित्रकाराच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की यात अतिवास्तववादाने, म्हणजे स्वप्नातले अशक्य ते खऱ्यासारखे दाखवणाऱ्या कलापंथाने, आणखी काय भर घालायची? विचित्रपणा तर कथेतच ओसंडून वाहतो आहे. म्हणूनच बहुतेक नवखे चित्रकार इथे फसतात. ते एटेनचे सुंदर चित्र काढतात, शेजारी माशी काढतात, मागे टेकडी काढतात, आणि हाती येते ते गोष्टीच्या पुस्तकातले एक पान. या लेखात मी जी रीत मांडणार आहे तिचा गाभा एवढाच आहे, की केल्टिक कथांतली पात्रे आणि वस्तू उचलू नयेत, त्यांतल्या घडामोडी उचलाव्यात. कोण आहे यापेक्षा काय होते आहे, कशातून कशात जाते आहे आणि त्या जाण्याच्या मधल्या क्षणी ते नेमके काय असते, हे रंगवायचे. पुढे सगळीकडे एटेनच्या कथेचे उदाहरण घेतले आहे. तुम्ही दुसरी कथा निवडलीत तरी कामाचा क्रम बदलत नाही.

कथा कशी निवडावी आणि कशी वाचावी

केल्टिक पुराणकथा, म्हणजे आयर्लंड, वेल्स अशा केल्टिक भाषांच्या प्रदेशांतल्या जुन्या कथा, हा एकसंध ग्रंथ नाही. आयरिश कथांमध्ये तुआथा डे डानान या देवकुळाच्या कथा, कू खुलिनच्या अल्स्टरच्या कथा, फिन आणि त्याच्या टोळीच्या कथा आणि राजांच्या कथा असे चार मोठे गट अभ्यासक मानतात. वेल्श कथा ‘मॅबिनोगियन’ या नावाखाली एकत्र छापल्या जातात आणि त्यांची मुख्य हस्तलिखिते चौदाव्या शतकातली व त्याच्या आसपासची आहेत. आयरिश हस्तलिखितांपैकी जुने आणि महत्त्वाचे असे ‘तपकिरी गाईचे पुस्तक’ 1100 च्या सुमाराचे आहे. ही सगळी लिहून ठेवली ती ख्रिस्ती मठांच्या परंपरेत वाढलेल्या लेखकांनी. म्हणजे आपल्या हाती येणारी कथा मुळातच एका श्रद्धेच्या माणसांनी दुसऱ्या श्रद्धेबद्दल लिहिलेली आहे. तिच्यात गाळलेल्या जागा आहेत, न जुळणारे सांधे आहेत आणि लिहिणाऱ्यालाही न उलगडलेल्या गोष्टी आहेत. इतिहासकाराला याचा त्रास होतो. चित्रकाराला याच जागा हव्या असतात.

सारांश वाचू नका. सारांश लिहिणारा सर्वांत आधी हेच न जुळणारे सांधे तासून टाकतो. आयर्लंडमधील कॉर्क येथील विद्यापीठाचा ‘सेल्ट’ हा संग्रह जुने आयरिश ग्रंथ आणि त्यांतल्या अनेकांची इंग्रजी भाषांतरे इंटरनेटवर मोफत देतो. शार्लट गेस्ट यांचे एकोणिसाव्या शतकातले ‘मॅबिनोगियन’चे इंग्रजी भाषांतरही आता सर्वांना खुले आहे. नावांच्या उच्चारांनी बिचकू नका. आयरिश लेखन आणि उच्चार यांत मोठे अंतर असते; टेकड्यांत राहणाऱ्या अद्भुत लोकांचे नाव लिहिताना लांबलचक दिसते आणि उच्चारताना नुसते ‘शी’ असे होते.

कथा दोनदा वाचा. दुसऱ्या वाचनात वही घ्या आणि फक्त क्रियापदे लिहा. एटेनच्या कथेतून माझ्या वहीत उतरलेली यादी अशी होती: मारते, वितळते, तापते, वळवळते, गुणगुणते, भिरकावली जाते, छातीवर उतरते, पेल्यात पडते, गिळली जाते, जन्मते, विसरते, ओळखली जात नाही. नंतर प्रत्येक क्रियापदापुढे ते घडते ती जागा लिहा: जमिनीवर, वाऱ्यात, काचेच्या खोलीत, आढ्यावर, पोटात. ही दोन रकान्यांची यादी हेच तुमच्या चित्राचे बीज आहे. तिच्यात एकही पात्र नाही हे लक्षात घ्या. माशी, राणी, राजा यांना अजून यायचे आहे, आणि कदाचित ते येणारही नाहीत.

एटेनऐवजी दुसरी कथा हवी असेल तर मी तीन सुचवेन. वेल्श पेरेदिरच्या कथेत नदीच्या एका काठावर पांढऱ्या मेंढ्या आणि दुसऱ्या काठावर काळ्या मेंढ्या चरत असतात. पांढरी मेंढी ओरडली की पलीकडची एक काळी नदी ओलांडते आणि पांढरी होते, काळी ओरडली की पांढरी पलीकडे जाऊन काळी होते. त्याच काठावर एक झाड आहे, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अर्धे पेटलेले आणि अर्धे हिरव्यागार पानांचे. दुसरी कथा ल्लेउची. त्याला घरात मारता येत नाही आणि बाहेरही नाही, घोड्यावर नाही आणि पायीही नाही. म्हणून तो नदीकाठी, वर छप्पर असलेल्या पण बाजूंना भिंती नसलेल्या न्हाणीच्या टबाच्या कडेवर एक पाय आणि बोकडाच्या पाठीवर दुसरा पाय ठेवून उभा राहतो, आणि त्याच अवस्थेत त्याच्यावर भाला येतो. तिसरी कू खुलिनची: युद्धाचा आवेश चढला की त्याचे शरीर कातडीच्या आतच फिरते, एक डोळा डोक्यात खोल ओढला जातो, दुसरा गालावर येतो, आणि केस इतके ताठ उभे राहतात की सफरचंदाचे झाड वर हलवले तर एकही फळ जमिनीवर पडणार नाही, प्रत्येक फळ केसाच्या टोकावर रुतून बसेल. या तिसऱ्या कथेचे चित्र काढणे सर्वांत अवघड आहे, कारण शब्दांनी आधीच सगळे दाखवून टाकले आहे. पहिल्या प्रयत्नाला ती घेऊ नये.

आधी कोणी काय केले ते पाहणे

लिओनोरा कॅरिंग्टन (1917–2011) यांच्यापासून सुरुवात करावी. त्या इंग्लंडमधल्या लँकशरच्या, पण आई आयर्लंडच्या वेस्टमीथ परगण्यातली आणि दाईही आयरिश. ‘शी’ लोकांच्या गोष्टी त्यांना घरातच ऐकायला मिळाल्या. लिर राजाच्या चार मुलांनी हंस होऊन पहिली तीनशे वर्षे ज्या डेरावाराग सरोवरावर काढली, ते सरोवरही वेस्टमीथमध्येच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या मेक्सिकोला गेल्या आणि उरलेल्या आयुष्याचा बहुतेक काळ तिथेच राहिल्या. 1954 साली त्यांनी तुआथा डे डानानच्या गोऱ्या लोकांवर थेट चित्र काढले हे खरे, पण शिकण्यासारखी आहेत ती दुसरी दोन चित्रे, ज्यांत केल्टिक नावगाव जवळजवळ नाही.

पहिले आहे 1937–38 च्या सुमाराचे, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातले आत्मचित्र. कॅरिंग्टन खुर्चीवर बसल्या आहेत, समोर दूध भरलेल्या आचळांची तरस मादी आहे, मागच्या भिंतीवर लाकडी झुलता घोडा टांगलेला आहे आणि खिडकीबाहेर पांढरा घोडा धावत सुटला आहे. घोड्यांची रक्षक एपोना ही गॉलमधली (आजच्या फ्रान्सच्या भागातली) देवी आणि वेल्श कथेतली, संथ चालणाऱ्या घोड्यावर असूनही कुणाला न गाठता येणारी ऱ्हिअॅनन या दोघींची आठवण अनेकांना इथे येते. चित्रात मात्र देवी कुठेच नाही. एकच घोडा घरात लाकडाचा आहे आणि उंबरठ्याबाहेर जिवंत आहे, एवढेच आहे. दुसरे चित्र 1947 च्या सुमाराचे, ‘राक्षसीण’ किंवा ‘अंड्याची राखणदार’. लाकडी फलकावर टेंपेरामध्ये (अंड्याच्या बलकात घोटलेल्या रंगात) काढलेली ती प्रचंड बाई आकाश व्यापून उभी आहे, पण तिचा चेहरा आणि हात लहान आहेत आणि त्या लहान हातांत तिने अंडे धरले आहे. पायाशी समुद्र, गलबते आणि मुंग्यांएवढी माणसे. अवाढव्य आकार आणि नाजूक पकड एकाच देहात एकत्र आल्यामुळे पाहणाऱ्याला तिची भीती वाटावी की काळजी, हे ठरवता येत नाही.

इथेल कॉल्हून (1906–1988) यांचा जन्म शिलाँगचा, पण वाढ इंग्लंडमध्ये झाली आणि उत्तरायुष्य कॉर्नवॉलमध्ये गेले. ब्रिटिश अतिवास्तववादी गटातून त्या 1940 साली बाहेर पडल्या, कारण गूढविद्येच्या मंडळांशी असलेले नाते तोडायला त्या तयार नव्हत्या. कॉर्नवॉलमधील उभ्या दगडांची वर्तुळे त्यांनी अशी रंगवली आहेत की दगड नाचत आहेत की नाच दगड झाला आहे ते कळत नाही. त्यांचे खरे देणे तंत्रांचे आहे आणि त्याबद्दल पुढे येईलच.

ईव्ह तांगी यांचे कुटुंब फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताचे, लोक्रोनान गावचे. तिथून जवळच असलेल्या दुआर्नने या उपसागराशी समुद्राखाली बुडालेल्या ईस नगरीची दंतकथा जोडलेली आहे. तांगी यांच्या चित्रांत क्षितिज विरघळलेले असते, तळ समुद्राचा की आकाशाचा ते समजत नाही, आणि तरीही प्रत्येक निनावी वस्तूची सावली काटेकोर पडलेली असते. या एका गोष्टीकडे नीट पाहिलेत तर अर्धे काम शिकून झाले. जे अशक्य आहे त्याला अगदी रोजच्यासारखा प्रकाश द्यायचा असतो.

अतिवास्तववादाचे प्रणेते आंद्रे ब्रेतों यांनीही 1950 च्या दशकात गॉलच्या नाण्यांवर मन लावून लिहिले. मॅसेडोनियाच्या फिलिप राजाच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला देवाचे डोके आणि दुसऱ्या बाजूला रथ होता. गॉलच्या कारागिरांनी त्याची नक्कल करता करता ते चित्र मोडत नेले. रथाचे चाक सुटून तरंगू लागले, केसांच्या लाटांचे स्वतंत्र चंद्र झाले, आणि आजच्या ब्रिटनीच्या भागातल्या नाण्यांवर घोड्याला माणसाचे डोके आले. रोमन मापाने पाहणाऱ्यांनी याला अडाणीपणा म्हटले. ब्रेतों यांना त्यात ग्रीक-रोमन वास्तवाला दिलेला नकार दिसला. मला वाटते, हेतूबद्दल त्यांनी जरा जास्तच वाचले असेल, पण डोळ्यांबद्दल ते बरोबर होते.

म्हणून पुढची पायरी अशी: किमान दहा दिवस रोज एक पान नुसते पाहून रेखाटा. ही नाणी रेखाटा. डेन्मार्कमधल्या दलदलीत 1891 साली सापडलेल्या गुंडेस्ट्रुपच्या चांदीच्या कढईवरचा, शिंगे असलेला, मांडी घालून बसलेला पुरुष आणि त्याच्या हातातला मेंढ्याच्या शिंगांचा साप रेखाटा. आयर्लंडच्या कॅव्हन परगण्यातल्या कॉर्लेक येथील एकाच दगडावर कोरलेले तीन चेहरे रेखाटा, आणि एका चेहऱ्याचा डोळा संपून दुसऱ्याचा कुठे सुरू होतो तिथे पेन्सिल थांबवा. 800 च्या सुमाराच्या ‘केल्सच्या पुस्तका’तील अक्षरांत गुंतलेले प्राणी काढताना गाठी मोजू नका, प्राण्याचे शेपूट कोणत्या क्षणी रेघ होते तेवढेच शोधा. ही पाने चित्रात वापरायची नाहीत. त्यांनी हाताला रूप बदलण्याची सवय लागते.

डाग, ठसे आणि धूर

आता वही मिटून ठेवावी आणि हेतू न ठरवता कामाला लागावे. अतिवास्तववाद 1924 च्या जाहीरनाम्यापासून मनाच्या आपोआप होणाऱ्या हालचालीवर उभा आहे, आणि ती हालचाल मिळवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे साहित्याला आपल्याआधी बोलू देणे. चार रीती पुरेशा आहेत.

पहिली घासणीची, म्हणजे फ्रोताज. माक्स एर्न्स्ट यांनी ही रीत 1925 साली पोर्निक या समुद्रकाठच्या गावी, जुन्या लाकडी जमिनीच्या रेषांवर कागद ठेवून काळ्या ग्राफाइटने घासून मिळवली. पातळ कागद घ्या, खाली झाडाची साल, जाळी, वाळलेले पान, घासलेला पाटा, काहीही ठेवा, आणि सहा बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. एकाच कागदावर तीन वेगवेगळे पृष्ठभाग येऊ द्या.

दुसरी डेकॅल्कोमेनिया. 1936 च्या सुमारास ऑस्कर डोमिन्गेझ यांनी ती चित्रकारांत आणली. गुळगुळीत, किंचित चकाकणाऱ्या कागदावर पोस्टर रंग किंवा गुआश दाट लावा, लगेच दुसरा तसाच कागद त्यावर ठेवा, तळहाताने दाबा आणि एका कोपऱ्यापासून सावकाश उचला. उचलताना हवा आत शिरते आणि रंगाचे प्रवाळासारखे, शेवाळासारखे फाटे पडतात. रंग फार पातळ असेल तर नुसता चिखल होतो. एटेनसाठी ही रीत मला सर्वांत जवळची वाटते, कारण डबक्यातून अळी होण्याचा जो क्षण कथेत एका वाक्यात उरकला आहे, तो इथे डोळ्यांपुढे घडताना दिसतो.

तिसरी धुराची, म्हणजे फ्युमाज. वोल्फगांग पालेन यांनी ती चित्रांत रुजवली. जाड कागद तोंडाखाली धरलेल्या ताटासारखा आडवा धरा, खाली मेणबत्ती वीतभर अंतरावर ठेवा आणि कागद सतत हलवत राहा. काजळीचे पंख उमटतात. शेजारी पाण्याची बादली असू द्या, पंखा बंद ठेवा, आणि काजळी पक्की करण्यासाठी फिक्सेटिव्हचा फवारा मारायचा तो ज्योत विझवल्यानंतर आणि खोलीबाहेर, कारण तो ज्वलनशील असतो. काजळीला बोट लावू नका. ती परत मिळत नाही.

चौथी रीत कॉल्हून यांची स्वतःची, पार्सेमाज. पसरट परातीत पाणी घ्या, त्यावर कोळशाची किंवा रंगीत खडूची बारीक पूड भुरभुरा, आणि ताठ कागद पाण्याच्या अगदी पृष्ठभागाखालून सरकवत पूड उचलून घ्या. कागद वाळू द्या. जे उमटते ते बहुधा वाऱ्यासारखे दिसते, आणि एटेनला सात वर्षे वाऱ्याची गरज आहेच.

असे तीस-चाळीस कागद तयार झाले की ते एक आठवडा बाजूला ठेवा. नंतर एकेक कागद चारी बाजूंनी फिरवून पाहा आणि क्रियापदांची यादी समोर ठेवा. ‘यात माशी कुठे दिसते?’ असे विचारू नका, कारण शोधणाऱ्याला माशी हटकून दिसते आणि ती नेहमी वाईट असते. ‘यात कोण भिरकावले जाते आहे, कोण गिळले जाते आहे?’ असे विचारा. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी नेमकी हीच चूक केली. एका सुंदर डागाला पंख, सोंड आणि सहा पाय जोडले आणि डाग मारून टाकला. पुढच्या वेळी त्याच प्रकारच्या डागात मला छताला चिकटलेला एक ओला पदर दिसला आणि चित्र तिथून सुरू झाले.

उंबरठा आणि मोजमाप

रचना करताना केल्टिक कथांकडून शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे मधली जागा. ल्लेउवरचा वार आत आणि बाहेर यांच्या मध्ये आहे. सावन (Samhain) हा आयरिश सण उन्हाळी अर्ध आणि हिवाळी अर्ध यांच्या सांध्यावर आहे, आणि त्याच रात्री टेकड्यांची दारे उघडतात. पेरेदिरचे झाड दोन ऋतूंच्या मध्ये आहे. म्हणून तुमच्या फलकावर सर्वांत आधी उंबरठा कुठे आहे ते ठरवा. तो दार, खिडकी, पाण्याची पातळी, पेल्याची कडा, टेबलाचा काठ किंवा ओठ यांपैकी काहीही असू शकतो. एका फलकावर एकच. दोन उंबरठे एकमेकांची ताकद खातात.

एटेनच्या कथेत ओएन्गस हा देव तिच्यासाठी उजळ खिडक्यांची सूर्यखोली करतो, ती सुगंधी वनस्पतींनी भरतो आणि जाईल तिथे सोबत नेतो. हा ओएन्गस ब्रू ना बोन्या येथे राहतो, म्हणजे आजच्या न्यूग्रेंजच्या टेकडीत. ही टेकडी इसवी सनपूर्व 3200 च्या सुमारास बांधलेली असून केल्टिक भाषा आयर्लंडमध्ये येण्याच्या कितीतरी आधीची आहे. कथा सांगणाऱ्यांनी आधीपासून असलेल्या वास्तूत आपला देव नेऊन बसवला. तिच्या आत एकोणीस मीटर लांबीची अरुंद वाट आहे, आणि हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाच्या आसपास सूर्योदयाचा किरण दारावरच्या झरोक्यातून शिरून थेट आतल्या दालनापर्यंत पोहोचतो. दगडाची अंधारी वाट, वर्षातून काही मिनिटे येणारा प्रकाश आणि हाताने उचलता येणारी काचेची खोली हे तीन घटक एकत्र आले की रचना जवळजवळ तयार होते. मी उंबरठा म्हणून प्रकाशाची कडा घेतली: डावीकडे दगड, उजवीकडे काच, आणि मध्ये किरण जमिनीवर जिथे संपतो तिथे डबके.

मोजमापाबद्दल कथेनेच सूचना दिली आहे. माशी माणसाच्या डोक्याएवढी आहे. तिला याहून मोठी करण्याचा मोह होतो, कारण राक्षसी कीटक काढणे सोपे असते, पण डोक्याएवढी माशी ही जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. ती मांडीवर घेता येते, तिच्या डोळ्यांत पाहता येते. तिच्याभोवतीच्या इतर वस्तूंची मापे नेहमीची ठेवा. एकच माप बिघडवा, बाकीची जपा.

रचनेची तीन लहान रेखाटने करा, प्रत्येक पोस्टकार्डाएवढे, आणि त्यांत फक्त काळा, पांढरा व एक करडा असे तीनच पट्टे वापरा. रेखाटन उलटे धरून वजन कुठे पडते ते पाहा. कागदांमधले आवडलेले डाग पारदर्शक कागदावर उतरवून या रेखाटनांवर ठेवून पाहा, सरकवा, आणि जिथे डाग आणि वास्तू यांचा सांधा आपोआप जुळतो तिथे पेन्सिलीने खूण करा.

बलकाचा टेंपेरा

तैलरंगांत हे चित्र होऊ शकते. तरीही पहिले चित्र टेंपेरामध्ये करावे असा माझा आग्रह आहे. टेंपेरा क्षणात वाळतो, रेघ रेघेवर चढत जाते आणि पृष्ठभाग आतून उजळल्यासारखा दिसतो. कॅरिंग्टन यांनी मेक्सिकोत याच माध्यमाकडे वळून आपल्या अद्भुत आकृत्यांना जुन्या इटालियन फलकांचा शांतपणा दिला. घाईने रंगवणाऱ्याला टेंपेरा मुळीच साथ देत नाही, आणि हीच त्याची इथली उपयुक्तता आहे.

फलक 30 × 40 सेंटिमीटरचा, एमडीएफ किंवा चांगल्या प्लायचा घ्या. कॅनव्हास चालणार नाही, कारण टेंपेराचा थर लवचीक नसतो आणि तो तडकतो. अस्तरासाठी सरस आणि खडूची पूड लागते. एक भाग दाणेदार सरस दहा भाग पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी भांडे गरम पाण्यात ठेवून विरघळवा. उकळी येऊ देऊ नका, नाहीतर सरसाची ताकद जाते. त्याचा एक नुसता हात फलकाच्या दोन्ही बाजूंना द्या, म्हणजे फलक वाकणार नाही. उरलेल्या कोमट सरसात चाळलेली खडूची पूड पातळ सायीसारखी होईपर्यंत मिसळा आणि सहा ते आठ पातळ हात द्या, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश कागदाने घासा. बाजारात मिळणारे तयार अॅक्रिलिक अस्तर (जेसो) या कामाला पुरेसे शोषक नसते.

बलक वेगळा करताना तो आधी कागदी रुमालावर अलगद घोळवून कोरडा करा, मग त्याची पातळ पिशवी दोन बोटांत धरून बाटलीवर टांगा आणि खालून टाचणीने टोचा. आतला द्रव बाटलीत येईल, पिशवी फेकून द्या. त्यात साधारण तेवढेच पाणी मिसळा. रंगाची पूड पाण्यात घोटून लापशीसारखी करून ठेवा आणि वापरण्याच्या वेळी लापशी आणि बलक समप्रमाणात एकत्र करा. काचेवर पट्टा ओढून वाळवा: सोलल्यासारखा सलग निघाला तर प्रमाण बरोबर, भुकटी झाली तर बलक कमी. कोरडी पूड हाताळताना तोंडावर मास्क हवाच, आणि शिसे किंवा कॅडमियम असलेल्या पुडी नवख्याने घेऊच नयेत. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. बलक टिकावा म्हणून काही जण त्यात व्हिनेगर घालतात, पण आम्लाने अल्ट्रामरीन निळा बिघडतो आणि आपल्याला तोच निळा लागणार आहे; लवंगेच्या तेलाचा एक थेंब बरा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काम करत असाल तर वाळलेल्या फलकावरही बुरशी धरते, म्हणून तो भिंतीला टेकवून न ठेवता हवेशीर जागी उभा ठेवावा.

रंगवायला सुरुवात हिरव्या मातीच्या रंगाच्या पातळ थराने करा. त्यावर सावल्या करड्या रंगाने बसवा आणि मग लहान कुंचल्याने, जवळजवळ कोरड्या केलेल्या टोकाने, समांतर बारीक रेघा ओढत आकार उभे करा. रेघ ओली असताना तिच्यावर दुसरी ओढली तर खालचा रंग उचलला जातो. डागांचे भाग मात्र असे रंगवू नका. निवडलेला डेकॅल्कोमेनिया तंतोतंत उतरवण्याऐवजी फलकावरच, डबक्याच्या जागी, प्लॅस्टिकच्या कागदाने दाट टेंपेरा दाबून उचला आणि जे येईल ते स्वीकारा. चित्रात आपोआप आलेला भाग आणि काळजीपूर्वक काढलेला भाग यांची सीमा हाच खरा सांधा आहे; दगड बारकाईने काढा, काच बारकाईने काढा, डबके सुटे ठेवा, आणि माशीची सुरुवात डबक्याच्या सुटेपणात करून शेवट काचेच्या काटेकोरपणात करा.

जांभळा रंग पॅलेटवर मिसळू नका, तो मंद होतो. आधी टिकाऊ क्विनॅक्रिडोन मॅजेंटाच्या गुलाबी रेघा, त्यांवर उलट्या दिशेने अल्ट्रामरीनच्या रेघा, मग पुन्हा गुलाबी, असे पाच-सहा थर चढवले की दुरून जांभळा आणि जवळून दोन वेगळे रंग दिसतात. अलिझरिनचा मोह टाळा. तो प्रकाशाने उडतो.

काय ठेवू नये

काही गोष्टी चित्रात शिरू पाहतील. गुंतलेल्या गाठींची चौकट त्यांतली पहिली. ती चित्राला भेटकार्ड करते. झाडांच्या तथाकथित केल्टिक पंचांगाचाही उपयोग जपून करावा, कारण आज प्रचलित असलेले ते रूप रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या 1948 सालच्या ‘द व्हाइट गॉडेस’ या पुस्तकातून आले आहे. कॅरिंग्टन यांना त्या पुस्तकाने झपाटले होते, तेव्हा चित्रकाराने ते वाचायला हरकत नाही. प्राचीन पुरावा म्हणून दाखवू नये, एवढेच. दगडांच्या वर्तुळात शुभ्र कपड्यांतले ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहित, उभे करणे ही सतराव्या-अठराव्या शतकातल्या हौशी संशोधकांची कल्पना आहे, त्यामुळे त्यांना चित्रात आणण्याआधी ते कुणाच्या स्वप्नातून आले ते लक्षात ठेवावे. आणि कावळा. मॉरिगन या युद्धदेवतेचा कावळा इतक्या चित्रांत येऊन बसला आहे की त्याला आता विश्रांतीची गरज आहे. ती देवी कू खुलिनपुढे ईल मासा, लांडगी आणि शिंगे नसलेली कालवड होऊनही येते. त्या कालवडीकडे कुणी पाहत नाही.

नाव देताना कथेतले नाव देऊ नका. ‘एटेन’ असे लिहिले की पाहणारा गोष्ट आठवतो आणि पाहणे थांबवतो. त्याऐवजी क्रियापदांची यादी पुन्हा काढा, एक क्रियापद आणि त्याच्याशी न जुळणारी एक जागा निवडा. माझ्या चित्राचे नाव ‘काचेत विसरते’ असे आहे, आणि कथा माहीत नसलेल्या एका मित्राने ते पाहून विचारले की ही बाई आहे की पाणी. मी उत्तर दिले नाही.

वॉर्निशची घाई करू नये. टेंपेरा वरून लगेच वाळला तरी आतून कडक व्हायला कित्येक महिने घेतो, म्हणून किमान सहा महिने थांबून मगच मेणाचा अगदी पातळ हात मऊ सुती फडक्याने द्यावा. तोपर्यंत फलक कोरड्या खोलीत, उन्हापासून दूर, आणि शक्य असेल तर पाठ करून ठेवावा. सहा महिन्यांनी वळवून पाहाल तेव्हा डबक्याच्या भागात जे दिसेल ते बहुधा तुम्ही काढले होते त्याहून वेगळे असेल. त्यावर नवी रेघ ओढण्याआधी त्याचे एक रेखाटन करून वहीत ठेवा, पुढच्या फलकासाठी.